इंग्लंडहून न आलेली वीट

व्हर्जिनियात विटांच्या कुठल्याही जुन्या घरासमोर उभे राहा, कोणीतरी हमखास सांगतंच की या विटा इंग्लंडहून आल्या. तंबाखू न्यायला येणारी जहाजं रिकामी डुलू नयेत म्हणून तळाशी विटा भरत, असा तपशीलही वर जोडला जातो. ऐकायला छान वाटतं. पण विल्यम्सबर्गच्या वीटभट्टीवर एक सकाळ घालवली की त्यातली हवा निघून जाते. चिकणमाती इथं पायाखालीच आहे आणि जळणाला रानाचा तोटा नव्हता. एवढं असताना वीट समुद्रापलीकडून कोण आणेल?

विल्यम्सबर्ग 1699 ते 1780 व्हर्जिनियाची राजधानी होतं. मग राजधानी रिचमंडला गेली आणि गाव मागे पडलं. 1926 पासून गुडविन नावाच्या पाद्र्याची खटपट आणि धाकट्या रॉकफेलरचा पैसा यांच्या जोरावर ते पुन्हा अठराव्या शतकात नेऊन बसवण्यात आलं. गव्हर्नरचा वाडा 1781 मध्ये जळाला होता. आज दिसतो तो जुना पाया खणून काढून त्यावर 1930 च्या दशकात उभारलेला. सगळं गाव म्हणजे नाटकाचा सेट, असं नाक मुरडणारे बरेच आहेत आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. भट्टीवर मात्र नाटक कमी आणि काम जास्त. इथं विटा खरोखर पाडल्या जातात, भाजल्या जातात आणि बांधकामात जातात.

सुरुवात चिखल तुडवण्यापासून. खड्ड्यात माती आणि पाणी, आणि त्यात अनवाणी उतरायला पाहुण्यांना आग्रहाचं बोलावणं. मीही पँट वर दुमडून उतरलो. वरचा चिखल उन्हानं कोमट, पण घोट्याच्या खाली एकदम गार. पहिली काही मिनिटं गंमत वाटते, मग पोटऱ्या भरून येतात. टाचेला ढेकूळ लागेनासं झालं, खडे वेचून बाहेर गेले, की माती तयार. शेजारी दोन पोरं किंचाळत एकमेकांच्या अंगावर चिखल उडवत होती आणि आईबाप फोटो काढत होते. आपल्याकडं रायगड-ठाण्याच्या भट्ट्यांवर कातकरी कुटुंबं उचल घेऊन येतात आणि ती फिटेपर्यंत तिथंच अडकतात. त्यांची पोरंही चिखलात असतात. इथं मात्र तिकीट काढून आत यावं लागतं.

पाडणाऱ्याच्या मेजावर काम वेगळ्याच चालीनं चालतं. मातीचा गोळा तो वाळूत घोळवतो, भाकरीचा उंडा पिठात घोळवावा तसा, आणि डोक्याइतक्या उंचीवरून लाकडी साच्यात आपटतो. हा आपट महत्त्वाचा. हलक्या हातानं टाकला तर माती कोपऱ्यांत पोचत नाही आणि वीट बोथट निघते. वरची जादा माती पट्टीनं एका हिसक्यात काढली की साचा पुढच्या माणसाकडं जातो. तो वाळू पसरलेल्या जमिनीवर साचा पालथा घालून उचलतो. मागं राहिलेली वीट इतकी मऊ असते, की चुकून बोट टेकलं तरी वळ उठतो. एक-दोन दिवसांनी ती कडेवर उभी करतात, मग छपराखाली काही आठवडे वाळवतात.

साचे वाहून नेण्याचं हे काम त्या काळी बहुधा पोरांकडं असे. विटा पाडणारे आणि माती तुडवणारे अनेक जण गुलाम होते. अमेरिकन क्रांतीच्या सुमारास गावातली निम्म्याहून अधिक वस्ती काळी होती आणि त्यातले जवळजवळ सगळे गुलाम. व्हर्जिनियातल्या जुन्या विटांवर आजही बोटांचे ठसे सापडतात, काही अगदी लहान. ब्रूटन पॅरिश चर्चचा आराखडा गव्हर्नर स्पॉट्सवुडचा, चर्च पुरं झालं 1715 मध्ये, हे फलकावर वाचता येतं. माती कोणी तुडवली, हे कुठल्याच फलकावर नाही.

भट्टी पेटते ती पानगळीत. कच्च्या विटांचाच ढीग, मधून बोगदे सोडून रचलेला आणि बाहेरून चिखलानं लिंपलेला. आधी मंद जाळ. वरून पांढरी वाफ निघते तोवर घाई करायची नाही, नाहीतर आतल्या ओलीनं वीट तडकते. वाफ सरली की लाकडं भराभर पडू लागतात आणि धग सुमारे 1,000 अंश सेल्सियसवर जाते. चार-पाच दिवस-रात्र कोणीतरी जागं असतं. शेवटी बोगद्यांची तोंडं बुजवून भट्टी आपोआप निवू द्यायची.

मला या सगळ्यात खरा कसबाचा भाग वाटला तो निवडीचा. एकाच मातीच्या विटा, पण कोण कुठं बसलं होतं त्यावर सगळं ठरतं. बोगद्याला लागून असलेल्यांच्या तोंडावर लाकडाच्या राखेतला क्षार वाळूशी वितळून निळसर-करडी काच चढते. जाळाच्या फारच तोंडाशी असलेल्यांचं खंगर होतं. मधल्या पक्क्या, लाल. अगदी बाहेरच्या फिक्या, गुलाबी, ठिसूळ. त्या भिंतीच्या पोटात, पावसापासून दूर. ती काच चढलेली आखूड बाजू गवंड्यानं मुद्दाम दर्शनी ठेवली: एक लांब लाल, एक आखूड निळसर, पुन्हा लाल. फ्लेमिश बाँड या लांब-आखूड रचनेतली ही नक्षी. तिला ना रंग लागला ना वेगळा खर्च, आगीनं जे केलं तेच वापरलं.

गावातल्याच जॉर्ज विथ यांच्या 1750 च्या दशकातल्या घरी गवंड्यानं आणखी एक पाऊल पुढं टाकलंय. खिडक्यांच्या कडांना आणि कोपऱ्यांना विटा दगडावर घासून एकसारख्या लाल केल्यात. भिंतीला कसलाही उठाव न देता खिडकी चौकटीत बसवल्यासारखी दिसते.

चुना शिंपल्यांचा. नदी-खाडीतल्या कालवांच्या शिंपा लाकडावर रचून जाळायच्या आणि पाण्यात विरवायच्या; कोकण-गोव्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. गावातल्या जुन्या भिंतींच्या दरजा जवळून पाहिल्या, तर न जळलेल्या शिंपेचे पांढरे तुकडे दिसतात. नखानं एक खरवडून पाहायचा मोह झाला होता, पण दारातला रखवालदार माझ्याकडंच बघत होता.