आडमुठा कोण?

बारामतीजवळच्या शारदानगरला कृषी विज्ञान केंद्राच्या शिवारात जानेवारीत ‘कृषिक’ हे शेतीचं प्रदर्शन भरतं. तिथं उसाच्या प्लॉटपाशी नुसतं उभं राहावं, माणसांचे नमुने आपोआप दिसतात. एक जण सरळ सरीत उतरतो, ठिबकची नळी उचलतो आणि दोन ड्रीपरमधलं अंतर वितीनं मोजतो. दुसरा बेटातले फुटवे मोजून मुकाट पुढं जातो. तिसरा माहिती सांगणाऱ्या साहेबांचं ऐकतच नाही; पाणी धरणाऱ्या गड्याला बाजूला घेऊन विचारतो, “खत किती वेळा सोडता? खरं सांगा.” चौथा बांधावरूनच निकाल देतो, “आधी कुणाचं तरी येऊ द्या, मग आपलं बघू.”

ही माणसं पुस्तकात जाऊन बसल्यालाही जमाना झाला. अमेरिकेतल्या आयोवात संकरित मक्याचं बियाणं कुणी कधी पेरलं आणि का पेरलं, हे ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी 259 शेतकऱ्यांना विचारलं. 1943 मध्ये तो अभ्यास छापून आला. बियाण्याची खबर जास्त करून विक्रेत्याकडून लागली होती, खात्री मात्र जास्त करून शेजाऱ्यामुळं पटली होती. पुढं 1962 मध्ये एव्हरेट रॉजर्स यांनी, नवी गोष्ट कोण किती लवकर उचलतो यावरून, माणसांचे पाच गट पाडले. शंभरातले अडीच जण धाडसी. साडेतेरा त्यांच्या पाठोपाठ जाणारे, ज्यांच्याकडं गाव बघतं. 34 विचार करून येणारे, 34 सगळे गेले म्हणून जाणारे आणि 16 सर्वांत शेवटचे. (हे आकडे डोकी मोजून आलेले नाहीत, आलेखाला ठरावीक ठिकाणी काप दिले की येतात. पण विस्तार शिक्षणाच्या पोरांना ते तोंडपाठ असतात.)

या शेवटच्या सोळांना आपल्याकडं आडमुठं म्हणतात. स्वभावाला औषध नाही म्हटलं की विषय मिटतो. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण शेजारच्या इंदापूरच्या इतिहासात आहे.

पेशवाई गेल्यावर रॉबर्ट कीथ प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्यानं या भागात जमिनीची मोजणी करून शेतसारा ठरवला. निव्वळ उत्पन्नाच्या 55 टक्के सरकारचे, असा हिशेब होता. कागदावर चोख, पण इंदापूरच्या बेभरवशाच्या पावसाला तो काही कळेना. सारा थकत गेला, जमिनी पडीक पडल्या, कुळं गाव सोडून गेली. रयत आळशी आहे, असं म्हणून मोकळं होणं तेव्हाही सोपं होतं. गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या अधिकाऱ्यांनी 1835 मध्ये इंदापुरातूनच पुन्हा मोजणी सुरू केली. दर उतरवले, ते 1836 पासून 30 वर्षांसाठी पक्के केले आणि नको असलेला जमिनीचा नंबर राजीनामा देऊन सोडण्याची मोकळीक ठेवली. पडीक राने पुन्हा नांगराखाली आली. पुढं मुंबई इलाख्याची रयतवारी याच नमुन्यावर उभी राहिली. माणूस तोच होता, मातीही तीच. फसलो तरी बुडणार नाही, एवढी हमी फक्त नवी होती.

ही हमी गेल्यावर काय होतं, तेही याच मुलखानं दाखवलं. तीस वर्षांची मुदत सरली, फेरआकारणीत सारा चढला, अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून कापूस कोसळला आणि सावकाराचं व्याज चालूच राहिलं. 12 मे 1875 रोजी सुप्यात, म्हणजे आजच्या बारामती तालुक्यात, शेतकरी सावकारांच्या दारात धडकले आणि वह्या-कर्जखतं मागू लागले. हाती लागली ती जाळली. सोशिक म्हणून ओळखली जाणारीच ही माणसं. सरकारला 1879 मध्ये शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा करावा लागला.

आजही सुपे-मोरगावचा जिरायती पट्टा आणि नीरा डाव्या कालव्याखालचा माळेगाव-सोमेश्वरचा बागायती पट्टा यांची तुलना होते. खालचा हौशी, वरचा चिकट, असं सर्रास बोललं जातं. आडनावं तीच, सोयरिकी एकमेकांत. कालव्याचं पाणी वगळलं तर स्वभाव वेगळा व्हायला कारणच काय?

रॉजर्स यांनाही हे पुढं जाणवलं. पद्धत फसली की दोष माणसाच्या माथी मारायचा, या खोडीवर त्यांनी स्वतःच्याच शास्त्राला फटकारलं.

स्वभाव नसतोच, असं मी म्हणत नाही. डेव्हिड मॅक्लेलंड हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ माणसाच्या तीन ओढी सांगत: करून दाखवण्याची ईर्षा, चार माणसांत राहण्याची आस आणि सत्तेची भूक. 1964 मध्ये काकिनाड्याच्या व्यावसायिकांची शिबिरं घेऊन, ईर्षा शिकवता येते, असं त्यांनी मांडलं. आपल्याकडं या तिन्ही ओढी एकाच माणसात सापडतात. ठिबकला ‘बघू’ म्हणणारा गडी कारखान्याच्या निवडणुकीत पॅनलसाठी रात्र रात्र फिरतो. तोच तुकोबांच्या पालखीला काटेवाडीच्या मेंढ्यांच्या रिंगणात सगळ्यांच्या पुढं असतो. मग त्याला कोणत्या गटात घालायचं?

पुन्हा त्या उसाच्या प्लॉटकडं येऊ. डॉ. आप्पासाहेब पवारांसारखी माणसं ठिबकच्या मागं लागली आणि 1971 साली सुरू झालेल्या कृषी विकास ट्रस्टनं या भागाला प्लॉट दाखवून शिकवलं. आता त्याच ट्रस्टच्या उसावर उपग्रह, हवामान केंद्र आणि जमिनीतले सेन्सर लागलेत. पाणी-खत किती द्यायचं, ते मोबाइल सांगतो. बड्या बागायतदाराला हे सोपं आहे, कारण एक एकर फसला तर उरलेलं रान सांभाळून घेतं. ज्याची सगळी दौलत दीड एकरात आहे, त्यानं बांधावर थांबून बघणं हा आडमुठेपणा नव्हे, हिशेब आहे.

आडसाली लागणीच्या आधी गावोगाव बैठका होतील. तिथं मागच्या रांगेत गप्प बसलेल्याला ‘तुम्हाला काही सुधारायचंच नाही’ असं ऐकवण्याआधी कृषी खात्याच्या माणसांनी आणि घरातल्या शिकल्यासवरल्या पोरांनी एक प्रश्न जरूर विचारावा: सोसायटीचं कर्ज किती आहे, आणि हे साल फसलं तर ते कोण भरणार?