हशा आणि रक्त: मांसभक्षकांच्या विनोदी भयपटांचा मागोवा

परक्या जागी अडकलेले प्रवासी आणि त्यांचे लचके तोडायला टपलेली माणसे, ही भयपटातली जुनी कल्पना 10 मे 2013 रोजी 'गो गोवा गॉन'मधून हिंदी पडद्यावर आली, तीही रक्तबंबाळ आणि हसवणाऱ्या रूपात. राज निदिमोरू आणि कृष्णा डी. के. या दिग्दर्शकद्वयीच्या या चित्रपटात तीन मित्र गोव्याला मौज करायला जातात आणि एका बेटावरच्या रेव्ह पार्टीत पोचतात. तिथे वाटल्या गेलेल्या नव्या अमली पदार्थामुळे सकाळी बेटभर झोंबी हिंडू लागतात. तो पदार्थ विकत घेण्याइतके पैसे नसल्यामुळेच हे तिघे माणसात राहतात. सैफ अली खानने त्यात रशियन माफिया असल्याचा आव आणणारा दिल्लीकर रंगवला, तर संवाद लिहिले ते प्रमुख भूमिका करणाऱ्या कुणाल खेमूने.

पाश्चात्त्य सिनेमात या कल्पनेच्या दोन वाटा होत्या. जॉर्ज रोमेरोच्या 1968 च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये मेलेली माणसे उठून जिवंतांना खातात. इटालियन दिग्दर्शकांनी मात्र 1970 च्या दशकात जंगलातल्या जमातींनाच नरभक्षक ठरवले. रुजेरो देओदातोचा 'कॅनिबल होलोकॉस्ट' (1980) इतका खरा वाटला, की खुनाच्या संशयावरून देओदातोला आपले कलाकार जिवंत असल्याचे सिद्ध करावे लागले. तंत्र म्हणून ही वाट प्रभावी होती, पण तिने खऱ्या माणसांच्या समूहांवर राक्षसपणाचा शिक्का मारला. हिंदी चित्रपटही पिसे लावून नाचणाऱ्या 'जंगली' टोळ्यांच्या रूपाने बरीच वर्षे हेच करत होते. 'गो गोवा गॉन'ने झोंबी निवडला हे म्हणूनच महत्त्वाचे. त्यातले नरभक्षक हे काल रात्री सोबत नाचलेले पाहुणेच असतात. देशी भुताखेतांच्या मुलखात झोंबी आले कुठून, याची चर्चा करताना पात्रे थेट जागतिकीकरणापर्यंत पोचतात, आणि तोच या चित्रपटातला सर्वांत नेमका विनोद आहे.

भीती आणि विनोद एकत्र येणे तसे नवीन नव्हते. रामसे बंधूंच्या 'पुराना मंदिर'मध्ये (1984) जगदीपचे 'शोले'चे विडंबन मूळ कथेला समांतर चालते. भुताचा प्रसंग आला की ते थांबते. 1993 मध्ये महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'ने ही भिंत पाडली. तात्या विंचूच्या बाहुल्याला पाहून लहान मुले घाबरत आणि त्याच दृश्यात लक्ष्मीकांत बेर्डे यांना पाहून हसत. त्याच वर्षी कन्नडमध्ये उपेंद्र यांनी 'श्श्श' केला. चित्रीकरणासाठी गेलेल्या सिनेमावाल्यांनाच त्यात भुताच्या भीतीने ग्रासले आहे.

बेंगळुरूमध्ये पुढे प्रवाशांच्या भयपटाने वेगळे वळण घेतले. 29 नोव्हेंबर 2013 रोजी प्रदर्शित झालेला के. एस. अशोक यांचा '6-5=2' म्हणजे सापडलेल्या चित्रफितीच्या रूपातला कन्नड भयपट. गिर्यारोहणाला निघालेल्या सहा मित्रांची ही कथा खरीच घडलेली आहे असे भासवले गेले. यात विनोद नाही आणि मांसभक्षणही नाही. पण शनिवार-रविवार गाठून पाठीवर सॅक टाकून घाटात जाणाऱ्या शहरी तरुणांची सवयच त्यात भीतीचे कारण झाली. 2014 मध्ये त्याची हिंदी आवृत्ती निघाली.

बेंगळुरूने या प्रवाहाला दिलेली मोठी देणगी मात्र पडद्यावरची नव्हे, भिंतीवरची आहे. 1990 च्या दशकात शहरात अफवा पसरली, की रात्री एक बाई ओळखीच्या आवाजात हाक मारून दार ठोठावते आणि दार उघडणारा मरतो. तिला परतवण्यासाठी लोकांनी दारांवर आणि भिंतींवर 'नाळे बा', म्हणजे 'उद्या ये', असे लिहिले. राज आणि डी. के. यांनी लिहिलेल्या, अमर कौशिक दिग्दर्शित 'स्त्री'ने (2018) ही दंतकथा मध्य प्रदेशातल्या चंदेरीत नेली. 'गो गोवा गॉन' आणि 'स्त्री' या दोन्हींचे एक निर्माते दिनेश विजन होते. परदेशी झोंबीपासून सुरू झालेला त्यांचा प्रवास पाच वर्षांत देशी भुतापाशी आला आणि प्रेक्षकसंख्येच्या बाबतीत तो निर्णायक ठरला.

मराठीत झोंबी आला तो 26 जानेवारी 2022 रोजी, आदित्य सरपोतदार यांच्या 'झोंबिवली'तून. कोरोनामुळे त्याचे प्रदर्शन लांबले होते. अमेय वाघ, ललित प्रभाकर आणि वैदेही परशुरामी यांच्या या चित्रपटात अडकण्यासाठी बेट लागत नाही, डोंबिवलीतली उंच इमारत पुरते. शेजारच्या झोपडपट्टीच्या वाट्याचे पाणी कोण पळवते, हा प्रश्न लचके तोडण्याच्या दृश्यांमध्ये गुंफला आहे. विनोद काही ठिकाणी ताणला जातो, पण इमारत आणि वस्ती एकाच संकटात सापडल्यावरचे प्रसंग 'गो गोवा गॉन'पेक्षा खोलवर जातात. तिथली पात्रे घरापासून दूर, पाहुणी होती. इथे पात्रे आपल्याच घरी आहेत.

सरपोतदार यांनीच पुढे विजन यांच्यासाठी 'मुंज्या' (2024) केला. कोकणातल्या मुंजाची ही कथा हिंदीत देशभर चालली. झोंबी मात्र त्यात नाही, आणि नरभक्षकही नाही.