भातखाचरांवरील पाकोळी

दिवस मावळताच पनवेल-उरणकडील भातखाचरांवर पतंगासारखे काही वेडेवाकडे भिरभिरू लागते. ते पाखरू नव्हे. पाकोळी म्हणजे लहान जातीचे वटवाघूळ होय. तिच्यातील सर्वांत खुज्या जातीचे वजन अवघे दोन ते चार ग्रॅम भरते.

पाकोळी फळांस तोंड लावीत नाही. चिकू-आंब्यावर येणारी थोरली वटवाघळे निराळी; त्यांचा राग हिच्यावर काढणे अन्यायाचे आहे. माणसास ऐकू न येणारा बारीक ध्वनी काढून, त्याच्या प्रतिध्वनीवरून ती डास, चिलटे, पतंग व लहान भुंगेरे हेरते आणि उडता उडता पकडते. भातावरील खोडकिड्याचे पतंगही रात्रीच उडतात, हे शेतकरी बंधूंनी ध्यानात घ्यावे. थायलंडमध्ये एका जातीच्या कीटकभक्षी वटवाघळांमुळे दरसाल सुमारे २,९०० टन तांदूळ वाचतो, असा अंदाज २०१४ साली प्रसिद्ध झाला. तो आकडा कोकणास जसाच्या तसा लागू होणार नाही. परंतु या प्राण्याची योग्यता त्यावरून कळते.

दिवसा ती कौलांखालील फटीत, झाडाच्या ढोलीत किंवा सुटलेल्या सालीखाली दडून असते. अडचण येथेच आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या परिसरात नवी मुंबई वसू लागली. कौलारू घरांच्या जागी सिमेंटच्या इमारती आल्या, जुने वृक्षही गेले. काही जातींचे रक्षण एखादी गुहा राखून साधते. बेळगाव जिल्ह्यातील तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतील राऊटनच्या वटवाघळाचे शास्त्रीय वर्णन १९१३ साली झाले. २०११ साली घोषित झालेल्या भीमगड अभयारण्यात ती गुहा आता सुरक्षित आहे. पाकोळीचे आश्रय मात्र घरोघर विखुरलेले. ते राखणे घरमालकाच्याच हाती आहे.

बांधावरील ढोलीचे जुने झाड धोका नसल्यास तोडू नये. धुरी देऊन पाकोळ्यांना हुसकू नये. फटी बुजवावयाच्या असल्यास आत पिल्ले नाहीत याची आधी खात्री करावी. कीटकनाशक कीड पाहूनच फवारावे. पडलेली पाकोळी उघड्या हाताने उचलू नये. चावल्यास जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवून लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे.