कोळशाने काढलेली माणसे

वसतिगृहाच्या भिंतीवर चुलीतल्या कोळशाने रेघोट्या ओढणाऱ्या मुलांवर आम्ही शिक्षक आजवर पुष्कळ रागावलो आहोत. भिंत पुसून काढणे, ही त्यावरची ठरलेली शिक्षा. कोळशानेच भिंतींवर चित्रे काढणारा एक चित्रकार आपल्याच जिल्ह्यातून निघून व्हेनिसपर्यंत पोहोचला, हे आमच्या ध्यानात फार उशिरा आले.

प्रभाकर पाचपुते यांचा जन्म १९८६ साली राजुरा तालुक्यातील सास्ती येथे झाला. घरातील तीन पिढ्या खाणीत राबलेल्या. त्यांनी खैरागडच्या विद्यापीठात शिल्पकलेचे शिक्षण घेतले, पुढे बडोद्यास पदव्युत्तर पदवी मिळवली आणि २०१२ साली मुंबईत पहिले एकल प्रदर्शन केले. भिंतीवर थेट कोळशाने चित्र काढावे आणि प्रदर्शन संपले की ते नाहीसे व्हावे, ही त्यांच्या अनेक कामांची रीत.

चित्रकाराच्या हातातील कोळसा दगडी नव्हे, लाकडी असतो. द्राक्षवेलीच्या किंवा वाळुंजाच्या बारीक काड्या बंद भांड्यात, हवा लागू न देता भाजल्या की त्यांची राख होत नाही. त्या काळ्या आणि ठिसूळ होतात. खाणीतला कोळसाही मुळात वनस्पतीच. सुमारे पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वी गोंडवन भूखंडावरील अरण्ये दलदलीत गाडली गेली आणि दाबाने व उष्णतेने त्यांचे थर बनले. (सिरोंचा तालुक्यातील वडधम येथे तर दगड झालेले ओंडके पाहावयास मिळतात, तेथे विद्यार्थ्यांची सहल अवश्य न्यावी.) आलापल्लीचा उभा साग, चित्रकाराची काडी आणि सास्तीचा थर यांचे गोत्र एकच आहे.

सामान्य, टाकाऊ मानल्या गेलेल्या वस्तूंना कलेत स्थान देण्याचा युरोपातही एक इतिहास आहे. १९६७ मध्ये जेर्मानो चेलांत या इटालियन समीक्षकाने काही तरुण कलावंतांच्या कामाला ‘आर्ते पोवेरा’, म्हणजे ‘गरीब कला’, असे नाव दिले. त्यांपैकी यानिस कुनेलिस यांनी प्रदर्शनात प्रत्यक्ष दगडी कोळसाच मांडला. जुझेप्पे पेनोने यांनी करवतीने कापलेली तुळई घेतली, तिच्यातील एक वार्षिक वलय धरून त्याबाहेरचे लाकूड कोरून काढले आणि आतले कोवळे झाड, फांद्यांच्या गाठींसह, मोकळे केले. बल्लारपूरच्या लाकूड आगारात ज्यांची हयात गेली, त्या पालकांना यातील अवघडपणा कोणी सांगावयास नको. कुनेलिस यांनी कोळसा निवडला होता. पाचपुते यांच्या घरी मात्र तो कामगारांच्या कपड्यांवरून रोजच येत होता. हा भेद आम्हाला मोठा वाटतो.

पाचपुते यांच्या चित्रांतील कामगारांना पुष्कळदा डोके नसते. त्या जागी दिवा, अवजार किंवा यंत्राचा भाग असतो. अशी चित्रे कोणी गंमत म्हणून पाहील. आम्हाला तसे पाहता येत नाही. माणसाच्या हाती अवजार द्यायचे आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या अवजारालाच त्याचे नाव समजायचे, हा व्यवहार आपल्या पूर्वजांनी भोगला आहे. बाबासाहेब मजूरमंत्री असताना, डिसेंबर १९४३ मध्ये, धनबाद भागातील कोळसाखाणीत स्वतः उतरले होते. पुढच्याच वर्षी खाणकामगारांच्या कल्याणनिधीची तरतूद झाली. वेकोलित राबणाऱ्या आपल्या पालकांच्या मुलांना हा इतिहास आणि ही चित्रे शेजारी-शेजारी ठेवून शिकवता येतील, असे आमचे मत आहे.

२०२१ साली वेल्समधील ‘आर्तेस मुंदी’ हे पारितोषिक सहा कलावंतांना मिळून देण्यात आले. पाचपुते त्यांपैकी एक. तेथील प्रदर्शनात त्यांनी वेल्सच्या आणि भारतातील खाणकामगारांच्या समान वारशावर बेतलेली चित्रे, फलक आणि वस्तू मांडल्या. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांचे चित्र लागले.

यंदा आम्ही स्वयंपाकघरामागची एक भिंत मुलांसाठी मोकळी ठेवली आहे. कोळसाही मुलांनीच करावा, असे ठरले. घट्ट झाकणाच्या डब्यात तुऱ्हाट्या भरून तो चुलीत ठेवला. पहिल्या खेपेस झाकण सैल राहिले आणि डब्यात राख निघाली. दुसऱ्या खेपेच्या काड्या मात्र भिंतीवर छान उमटतात.