हवेतून फर्मवेअर: एका दशकाचा मागोवा

२०१४ च्या उत्तरार्धात शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी८२६६ ही चिप हौशी मंडळींच्या हाती लागली. पाच डॉलरच्या आत वायफाय मिळतंय, याचंच तेव्हा अप्रूप होतं. फर्मवेअर बदलायचं म्हणजे यूएसबी-सिरियल कन्व्हर्टरच्या वायरी जोडायच्या, जीपीआयओ शून्य ही पिन ग्राउंडला टेकवून रीसेट मारायचा आणि शंभर टक्के होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. टेबलावर हे खपून जायचं. तेच मॉड्यूल स्विचबोर्डच्या आत बसलं की आली पंचाईत.

२०१५ मध्ये ही चिप आर्डुइनोमधून प्रोग्रॅम करता येऊ लागली आणि पाठोपाठ ओटीए, म्हणजे हवेतून अपडेट करायची सोय झाली. अडचण होती जागेची. ईएसपी-०१ या चिमुकल्या मॉड्यूलवर आधी ५१२ केबी फ्लॅश असायची, पुढे १ एमबी झाली. चालू प्रोग्रॅमला धक्का न लावता नवा पूर्ण उतरवायचा आणि रीबूटच्या वेळी जुन्याच्या जागी नेऊन ठेवायचा, अशी रीत. त्यामुळे प्रोग्रॅम निम्म्या फ्लॅशपेक्षा मोठा झाला की अपडेट अडलंच. अशा चिपसाठीच्या टास्मोटा या फर्मवेअरने यावर काढलेली तोड मला आजही आवडते: आधी काटछाट केलेली ‘मिनिमल’ आवृत्ती घ्यायची आणि तिने मोकळ्या केलेल्या जागेत पूर्ण आवृत्ती उतरवायची. २०१६ च्या ईएसपी३२मध्ये दोन स्वतंत्र कप्पे ठेवण्याइतकी ऐसपैस जागा आली. पुढे रोलबॅकही आला. नव्या फर्मवेअरने आपण ठीक असल्याची नोंद केली नाही, तर पुढच्या रीबूटला जुनं परत.

चिपच्या बाजूचे प्रश्न असे बऱ्यापैकी सुटले. सर्व्हरची बाजू मात्र लोकांनी फार उशिरा मनावर घेतली. फाइल कुठल्याशा वेब सर्व्हरवर टाकली की झालं, असा समज. वास्तविक ईएसपी८२६६ची एचटीटीपी अपडेट लायब्ररी फाइल मागताना हेडरमध्ये बरंच सांगत असते: मॅक पत्ता, चालू प्रोग्रॅमचा एमडी५ ठसा, आवृत्ती, मोकळी जागा. ते वाचून सर्व्हरने ठरवायचं. नवं काही असेल तर २०० हा एचटीटीपी कोड आणि फाइल, नसेल तर नुसता ३०४, म्हणजे ‘बदल नाही’. पीएचपीच्या थोड्याशा ओळींत हे जमतं. पण ३०४ द्यायचा राहिला, तर सुरू होताच अपडेट विचारणारं उपकरण तीच फाइल उतरवतं, रीबूट होतं, पुन्हा मागतं, पुन्हा उतरवतं. फ्लॅश झिजते ती अशी. माझ्या मते ओटीए सर्व्हरचं निम्मं कसब ‘नाही’ म्हणण्यात आहे.

ते न म्हटल्याचा मासला ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेत दिसला. लॉकस्टेट कंपनीने ७०००आय या मॉडेलचं फर्मवेअर ६०००आय कुलपांना धाडलं. सुमारे ५०० दारांचे कीपॅड बंद पडले आणि त्यांच्या मालकांत एअरबीएनबीवर घरं देणारे बरेच होते. कुलपं नेटवर्कवर परत येईनात, म्हणून दुरुस्तीही हवेतून पाठवता येईना. कुलपाचा भाग काढून कंपनीकडे पाठवा, नाहीतर बदली येईपर्यंत थांबा, एवढंच ग्राहकांच्या हाती राहिलं.

मग प्रश्न आला विश्वासाचा. तुया कंपनीच्या मंचावरची स्मार्ट उपकरणं सही न तपासता फर्मवेअर घेतात, हे डिसेंबर २०१८ मध्ये लाइपझिगच्या हॅकर परिषदेत दाखवलं गेलं. गंमत म्हणजे हौशी लोकांनी त्याच भगदाडातून, एक स्क्रूही न काढता, आपल्या बल्बांत टास्मोटा घातलं. कंपनीने भगदाड बुजवलं, तेही फर्मवेअर अपडेटनेच.

एचटीटीपीएसने सगळं भागतं असंही नाही. ३० सप्टेंबर २०२१ ला एचटीटीपीएसची प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टच्या साखळीतलं एक जुनं रूट प्रमाणपत्र संपलं. जी उपकरणं तेवढंच ओळखत होती आणि तारीखही तपासत होती, त्यांना स्वतःचाच सर्व्हर परका झाला. नवं प्रमाणपत्र पाठवायचं तर तेही त्याच बंद दारातून!

आता कायदाही आला आहे. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स ॲक्ट १० डिसेंबर २०२४ ला अमलात आला. त्यातली मुख्य बंधनं ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षं सुरक्षा-दुरुस्त्या द्याव्या लागतील. पण तो तिकडचा कायदा. आपण स्मार्ट प्लग घेताना वॉरंटी विचारतो, तसंच अपडेट किती वर्षं मिळणार हेही दुकानदाराला विचारा, आणि खोक्यावर ते छापलेलं नसेल तर कंपनीला लिहून विचारा.