मोज्यांचं गाव दातांग: सगळं एकट्याने करू नका

दातांग हे चीनच्या झेजियांग प्रांतातलं, झुजी शहराच्या हद्दीतलं गाव. मूळ धंदा भातशेती. १९७०च्या दशकात लोक घरी मोजे विणून, टोपलीत घालून, हमरस्त्यावरच्या प्रवाशांना चोरून विकायचे, कारण खासगी व्यापाराला मनाई होती. १९७८ नंतर धोरण बदललं आणि धंदा फोफावला. आज जगातले साधारण एक तृतीयांश मोजे तिथे बनतात असं सांगतात.

गंमत बघा: सूत एकाकडे, विणकाम दुसऱ्याकडे, बोटांकडची शिलाई तिसऱ्याकडे, रंग, इस्त्री, पॅकिंग आणखी कुणाकडे. म्हणून छोट्या भांडवलातही माणूस धंद्यात उतरू शकतो. धोका एकच: मागणी घटली की अख्ख्या गावाला फटका.

मी दुकानात खरेदी, हिशेब, डिलिव्हरी सगळं एकटाच करायचो. गिऱ्हाईकाकडे बघायलाच वेळ उरायचा नाही. तुम्ही या आठवड्यात एक तरी काम दुसऱ्याकडे सोपवून बघा.