ओझोनला धुराडे नसते

नवी मुंबईतील दिवाळे हे कोळ्यांचे गाव पनवेल खाडीकाठी वसले आहे. उत्तरेला ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा, ठाणे खाडीपलीकडे माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने, तर जवळच महामार्गावरील वाहनांची वर्दळ. या सर्वांतून सहज बाष्परूप होणारी सेंद्रिय संयुगे हवेत मिसळतात. झाडांची पानेही त्यांत भर घालतात.

उग्र दर्प आला की प्रदूषण वाढले, असा समज आहे. नाक मात्र भरवशाचे मापक नव्हे. कर्करोगास कारण ठरणाऱ्या बेंझिनची मर्यादा २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार वार्षिक सरासरीत दर घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. त्याचा वास जाणवण्यास याच्या शेकडो पट प्रमाण लागते. म्हणून हवेचा नमुना पोलादी डब्यात किंवा शोषक पदार्थ भरलेल्या नळीत घेतात आणि गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्राने प्रत्येक संयुग वेगळे करून मोजतात.

ही वेगवेगळी मोजणी महत्त्वाची ठरते. हवेतील हायड्रॉक्सिल मूलकाशी अभिक्रिया होऊन ही संयुगे विघटित होतात. झाडांचे आयसोप्रीन काही तासांतच संपते. बेंझिन अनेक दिवस टिकते. या विघटनात निर्माण होणारे मूलक नायट्रिक ऑक्साइडचे नायट्रोजन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करतात. सूर्यप्रकाशात त्याचे विघटन होऊन अखेरीस श्वसनास घातक असा ओझोन तयार होतो.

ओझोन असा वाऱ्याबरोबर, वाटेतच घडतो. त्यामुळे केवळ ओझोन मोजून त्याचा उगम कळत नाही. कोणते संयुग किती, हे ठाऊक असेल तरच आवर कोणाला घालायचा, हे ठरविता येते.